घराजवळची शाळा

मध्य प्रदेश शासनाने 2021 साली ‘सीएम राइज’ शाळांची योजना हाती घेतली. 2025 साली त्यांचे ‘सांदीपनि विद्यालय’ असे नामकरण झाले. शिशुवर्गापासून बारावीपर्यंतचे वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि ने-आण करण्यास बस असे त्यांचे स्वरूप. भोवतालच्या लहान शाळा एका मोठ्या शाळेत सामावून घ्याव्यात, ही त्यामागील कल्पना. आमच्या भोपाळात तिचे स्वागतच व्हावे. गरिबाच्या मुलाने पडक्या भिंतींतच का शिकावे?

परंतु 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचा भर जवळच्या शाळेवर आहे. केंद्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत असावयास हवी. महाराष्ट्रातही 2023 साली 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हाच वाद उठला. धाकट्या भावंडाला सांभाळून शाळेत येणारी मुलगी बस चुकली की घरीच राहते. असे चार दिवस गेले की तिची शाळाच सुटण्याचा संभव असतो.

म्हणून मोठी शाळा अवश्य उभारावी. मात्र वस्तीतील शाळेला कुलूप लावण्यापूर्वी तिच्या पटावरील एकेक मूल नव्या वर्गात पोहोचते काय, हे नावानिशी पाहावे. शाळा मोजणे सोपे असते. मुले मोजणे हे आपले कर्तव्य आहे.