रंगांची अंकलिपी



तुम्ही अक्षरे शिकलात, आकडे शिकलात. आज आम्ही तुम्हाला आणखी एक अंकलिपी सांगणार आहोत. हिच्यात ना अक्षर, ना आकडा. नुसते रंग आहेत.

जुना रेडिओ उघडला की आत बारीक, लांबट तुकडे दिसतात. दोन्ही टोकांना तारा, अंगावर रंगीत पट्टे. यांना रेझिस्टर म्हणतात. पाटात दगड आडवा लावला की पाणी बेताने जाते ना? तसाच रेझिस्टर विजेला आवरतो. किती आवरतो, ते ओहममध्ये मोजतात. ओहम हे जर्मनीतल्या एका शिक्षकाचे नाव. विजेचा नियम त्याने १८२७ साली पुस्तकात मांडला.

एवढ्याशा गोल तुकड्यावर आकडा छापला तर तो वाचायचा कसा? पट्टा मात्र कोणत्याही बाजूने दिसतो. म्हणून रंगांनाच आकडे दिले:

काळा ०, तपकिरी १, तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९.

तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्याचाच क्रम आहे. मग पाठ करायला अवघड ते काय?

आता चार पट्ट्यांचा रेझिस्टर घ्या. सोनेरी किंवा रुपेरी पट्टा उजव्या हाताला ठेवा आणि डावीकडून वाचा. पहिले दोन पट्टे म्हणजे दोन आकडे. तिसरा सांगतो, पुढे शून्ये किती. सोनेरी म्हणजे मापात शेकडा ५ चा फरक चालेल. रुपेरी म्हणजे शेकडा १० चा.

पिवळा, जांभळा, तपकिरी. म्हणजे ४, ७ आणि एक शून्य. झाले ४७० ओहम.

हा रेझिस्टर ९ व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडी दिव्याला जोडला, तर दिवा नीट लागतो. पण तिसरा पट्टा काळा असलेला तुकडा तपकिरी समजून लावला तर? तो फक्त ४७ ओहमचा. विजेचा प्रवाह दहापट होईल आणि दिवा जळून जाईल. कर्जाच्या कागदावर एक शून्य इकडचे तिकडे झाले तर काय होते, हे तुम्ही जाणताच. इथेही तेच.

म्हणून पट्टे दिवसाउजेडी वाचा. तापून करपलेल्या रेझिस्टरच्या रंगावर विसंबू नका. तांबडा तपकिरी दिसू लागतो. कित्येकांना जन्मतःच काही रंग वेगळे ओळखता येत नाहीत. त्यात लाजण्यासारखे काही नाही. त्यांनी मीटर लावून पाहावे. मात्र आधी वीज बंद करावी आणि रेझिस्टरचे एक टोक सुटे करावे.

पाच पट्टे असले, तर पहिले तीन आकडे आणि चौथा शून्यांचा.

उद्या येताना प्रत्येकाने ही रंगांची ओळ वहीत लिहून आणा. आम्ही रेझिस्टर आणू. वाचायचे तुम्ही!