डॉ. कमल रणदिवे आणि आपला पदराआडचा रोग



वर्धापनदिनी मी कर्करोगावर बोलणार म्हटल्यावर, ‘सातवी शिकलेली तू काय बोलणार?’ असे घरच्यांनीच विचारले. पण वाचनालयात एका बाईंची माहिती मिळाली आणि वाटले, हे बायकांनीच बायकांना सांगायला हवे.

त्या बाई म्हणजे डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, जन्म 1917 साली पुण्याला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि नवराही डॉक्टरच करावा, अशी त्यांची इच्छा. कमलबाईंनी दोन्ही केले नाही. 1939 साली गणिताचे अभ्यासक रणदिवे यांच्याशी लग्न केले आणि पुढे सीताफळाच्या कुळातील झाडांच्या पेशींचा अभ्यास करून एम.एस्सी. झाल्या. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास टोपल्याच्या टोपल्या सीताफळे येतात. त्यातून एखादी बाई पदवी काढील, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते!

मुंबईला डॉ. खानोलकरांच्या हाताखाली त्या 1949 साली पीएच.डी. झाल्या. मग अमेरिकेत डॉ. जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी शरीराबाहेर काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवण्याची विद्या घेतली. विरजणाला कसे कोमट दूध, स्वच्छ भांडे आणि न हलवता ठेवणे लागते. पेशींचे पथ्य त्याहून कडक. परत येऊन त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली अशी प्रयोगशाळा उभारली. 1966 ते 1970 त्या केंद्राच्या संचालक होत्या.

स्तनाचा कर्करोग त्यांनी उंदरांवर अभ्यासला. काही जातींच्या उंदरांत हा रोग आईच्या दुधातून जाणाऱ्या विषाणूमुळे पिलांना होतो. त्या विषाणूचा शरीरातील संप्रेरकांशी काय संबंध, हे शोधणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत कमलबाई होत्या. येथे कोणी घाबरू नका, ही उंदरांची गोष्ट आहे. आपल्या दुधातून बाळाला कर्करोग होत नाही. उलट अंगावर पाजणाऱ्या आईला या रोगाचा धोका थोडा कमीच असतो.

आपल्या शरीरात हे बहुधा दूध वाहणाऱ्या बारीक नळ्यांच्या अस्तरात सुरू होते. पेशी वाढण्या-थांबण्याचा नियम सोडते, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. पुष्कळदा स्त्रीत्वाचे संप्रेरक त्यांना खतपाणी घालते. मग त्या काखेतल्या गाठींत आणि पुढे हाडांत, फुप्फुसांत जातात. सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हीच यातली मोठी फसवणूक. माझ्या चुलत सासूबाईंनी दुखत नाही म्हणून कापसाची सगळी वेचणी गाठ पदराआड ठेवून काढली. दाखवायची कोणाला, तर लाज. सुनेलाही जखम झाल्यावरच कळले. दुसरी वेचणी त्यांनी पाहिली नाही.

ही लाज मला रोगाहून वाईट वाटते. गाठ, आत ओढले गेलेले बोंड, त्यातून येणारे रक्त, सुरकुतलेली कातडी, काखेतली गाठ, यातले काही दिसले तर सांगावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे. हा रोग शिवल्याने होत नाही, आणि मागल्या जन्माच्या पापाचे तर नावच काढू नका.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 1998 पासून वस्त्यांतील सुमारे दीड लाख बायकांवर एक मोठी पाहणी केली. निम्म्या बायकांना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. निकाल 2021 साली आला. तपासलेल्यांत रोग लवकर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, सुई नाही, फक्त शिकलेला हात!

कमलबाईंना 1982 साली पद्मभूषण मिळाले. 2001 साली त्या गेल्या. म्हातारपणी त्या आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम करीत होत्या.

आता चहा आहे. आतल्या खोलीत परिचारिकाताई बसल्या आहेत, दाराला पडदा लावला आहे. ज्यांना दाखवायचे किंवा नुसते विचारायचे असेल, त्यांनी एकेक करून जावे. सुनांनी सासूबाईंना बरोबर न्यावे.