रस्त्याला टाकी

घरोघरीं जातें फिरत असे त्या काळीं वर्षांतून एकदोनदां दारावर टाकी लावणारी येत असे. दळून दळून जात्याच्या तळी गुळगुळीत झाल्या, कीं दाणा भरडला न जातां मधल्यामधें घसरून जाई. मग ती बाई छिन्नी-हातोडी घेऊन अंगणांत बसे आणि तळीच्या अंगावर खोलगट खुणा पाडी. दगड कठीण होता म्हणून तो गुळगुळीत होणार नाहीं, असें घरांतल्या कोणाहि गृहिणीला कधीं वाटलें नाहीं.

मराठवाड्यांतील बहुतेक रस्त्यांची खडी त्याच काळ्या बसाल्टाची आहे. तिच्यावरून रात्रंदिवस रबरी चाकें फिरतात, आणि चाकांबरोबर येणारी बारीक धूळ तिला पॉलिश करण्याचें काम करते. दगडाचा कठीणपणा हा एक गुण, आणि घासला जाऊनहि खरखरीत राहणें हा दुसरा. दोन्ही एकाच दगडांत सांपडतीलच असा नियम नाहीं. जात्याची कुरकूर घरांतल्या माणसाला लगेच समजे. गुळगुळीत झालेला रस्ता मात्र कांहींच बोलत नाहीं. उलट तो दिसावयास फार देखणा दिसतो आणि वाहन हांकणाऱ्यास अधिक आवडतो.

ह्या देखणेपणाची किंमत साध्या गणितानें काढतां येते. ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवणाऱ्या मोटारीचे ब्रेक दाबले आणि चाक व रस्ता यांमधील घर्षणांक ०.७ असला, तर ती सुमारें २० मीटरांवर थांबते. घर्षणांक निम्मा, म्हणजे ०.३५ असला तर ४० मीटर लागतात. इतकें कोणीहि मान्य करील. परंतु पहिली मोटार जेथें पूर्ण थांबली, त्याच ठिकाणीं दुसरीचा वेग किती उरलेला असतो? निम्मा नव्हे, ताशीं ४२ किलोमीटर. रस्ता ओलांडणारें मूल त्या ठिकाणीं उभें असेल, तर एका रस्त्यावर तें घाबरतें आणि दुसऱ्यावर दगावण्याचा संभव असतो. वेग दुप्पट झाला कीं अंतर चौपट होतें. ताशीं १२० किलोमीटरला तीं अंतरें ८१ आणि १६२ मीटर होतात, आणि धोका ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जें अंतर तोडलें जातें तें निराळेंच. रस्त्यांची आंखणी करतांना भारतीय इंजिनियर त्या विचारासाठीं अडीच सेकंद धरतात. ताशीं १२० च्या वेगांत अडीच सेकंद म्हणजे आणखी ८३ मीटर.

१२० हा आंकडा जालना जिल्ह्याला परका नाहीं. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्गाच्या ७०१ किलोमीटरांपैकीं सुमारें ४२ किलोमीटर ह्या जिल्ह्यांतून, जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातात. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि त्याच्या काँक्रीटवर हलक्या मोटारींना ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा ठरविण्यांत आली. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, बुलढाण्यांतील सिंदखेडराजाजवळ, १ जुलै २०२३ च्या उत्तररात्रीं एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मरण पावले. पुढें २०२४ च्या जूनअखेर जालन्याजवळ कडवंचीच्या शिवारांत एक मोटार उलट दिशेनें मार्गावर आली आणि दोन मोटारींच्या टकरींत अनेकांचे प्राण गेले. ह्या दोन्ही घटनांचा दोष रस्त्याच्या गुळगुळीतपणावर टाकणें अन्यायाचें होईल. झोप, मद्य किंवा उलट दिशेनें घुसण्याचा हट्ट यांवर कोणताहि खरखरीत थर औषध नव्हे. तथापि माणूस चुकणार हें एकदां गृहीत धरलें, कीं चूक लक्षांत आल्यानंतरच्या दोनचार सेकंदांत त्याच्या हातीं चाकाच्या पकडीवांचून दुसरें कांहीं उरत नाहीं.

कडवंची हें गांव पाणलोटाच्या कामासाठीं आणि शेततळ्यांवर पोसलेल्या द्राक्षांसाठीं सर्वत्र नांवाजलेलें आहे. पाणी अडवावें कसें हें त्या शिवारानें शिकविलें. शेजारून जाणाऱ्या महामार्गाचें शास्त्र नेमकें उलट, पाणी क्षणभरहि ठरूं नये हें. रबर आणि रस्ता यांमध्यें पाण्याचा पातळ पडदा आला कीं पकड सुटूं लागते. वेग वाढला, टायरचे खांचे झिजलेले असले आणि पाणी पुरेसें सांचलेलें असलें, तर चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगूं लागतें; मग सुकाणूं फिरवा, ब्रेक दाबा, वाहन ऐकत नाहीं. अमेरिकेंतील नासा संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं विमानांच्या चाकांवर प्रयोग करून ह्या वेगाचा एक नियम बसविला. तो टायरांतील हवेच्या दाबाच्या वर्गमूळाप्रमाणें बदलतो. मोटारीच्या नेहमींच्या ३२ पौंड दाबाला तो ताशीं सुमारें ९५ किलोमीटर येतो, म्हणजे कायद्यानें दिलेल्या मर्यादेच्या आंतच. ट्रकच्या टायरांत हवा तिप्पट दाबाची असल्यामुळें त्याला हा धोका बराच कमी. उन्हाच्या तापानें टायर फुटेल ह्या भीतीनें हवा कमी ठेवणारा मोटारवाला दोन्ही बाजूंनीं फसतो : कमी हवेचा टायर अधिक तापतो, आणि पावसांत लवकर तरंगतो.

रस्त्याला खरखरीतपणा दोन जातींचा लागतो. एक खडीच्या कणाकणाचा, बोटाला कानशीप्रमाणें लागणारा. तो मंद वेगांत पकड देतो. दुसरा डोळ्यांना दिसणारा, खडीखडीमधील खोलवा. वेगांत असतां चाकाखालचें पाणी पळून जावयास तोच वाट देतो. पहिला मोजण्यासाठीं अमेरिकेंत पर्सी सिग्लर यांनीं योजिलेलें आणि पुढें इंग्लंडच्या रस्ते-संशोधनशाळेनें सुधारलेलें लंबकाचें यंत्र वापरतात. लंबकाच्या टोकाचा रबरी तुकडा ओल्या रस्त्यास घासून जातो आणि त्याचा झोका किती अडला तें कांटा दाखवितो. दुसरा मोजावयास मूठभर वाळू पुरे. पन्नास घनसेंटिमीटर बारीक वाळू रस्त्यावर ओतून लांकडी चकतीनें गोल पसरावी. खोलवे भरून ती जेथवर पोंचेल त्या वर्तुळाचा व्यास मोजावा. व्यास २५ सेंटिमीटर भरला तर सरासरी खोली एक मिलिमीटर. वर्तुळाचें क्षेत्रफळ कशाला शिकावयाचें असें विचारणाऱ्या मुलांना शाळेच्या आवारांतल्या रस्त्यावर हा प्रयोग अवश्य दाखवावा. महामार्गावर मात्र नव्हे.

उपाय रस्त्याच्या जातीप्रमाणें निराळे. काँक्रीट ओलें असतांनाच त्यावर दाते ओढून रेघा पाडतात. वाहतुकीनें त्या झिजल्या कीं हिऱ्याच्या कणांनीं मढविलेल्या पात्यांनीं पृष्ठभाग घासून नव्या खांचा कापतात. ही जात्याची टाकीच होय, छिन्नीऐवजीं यंत्र आलें इतकेंच. आडव्या खांचांतून पाणी लवकर निघतें, पण चाकांचा आवाज फार होतो. वस्तीजवळ म्हणून उभ्या खांचा बऱ्या. डांबरी रस्त्यावर नव्या खडीचा पातळ थर देतात. फार अवघड जागीं इपॉक्सी राळ पसरून तिच्यावर भाजलेल्या बॉक्साइटचे एक ते तीन मिलिमीटरांचे कण रोवतात. १९६० नंतरच्या दशकांत लंडनच्या चौकांत हा प्रकार प्रथम आजमावला गेला. तो महाग आहे, म्हणून साऱ्या मार्गावर घालण्याची गोष्ट बोलूं नये.

लोखंडाच्या कारखान्यांची मळी रस्त्याला चांगली पकड देते, असा अनुभव आल्यामुळें जालन्याच्या पोलादी गिरण्यांकडे कोणाचीहि दृष्टि जाईल. परंतु येथील भट्ट्या बहुधा विद्युत्-प्रवर्तनाच्या, आणि त्यांची मळी मोठ्या पोलाद-कारखान्यांच्या मळीहून वेगळ्या घटकांची असते. परीक्षेवांचून ती रस्त्यावर पसरणें म्हणजे उसन्या उत्साहाचें काम.

खरा प्रश्न असा, कीं पैसा थोडा असतां टाकी कोठें लावावी. महामार्गावरून जालन्याकडे उतरणारीं वळणें, टोलनाक्यापूर्वीचा पट्टा, पुलांचे उतार ह्या जागा उघड आहेत. वेगाची संवय जडलेला चालक तेथेंच एकाएकीं ब्रेक मारतो. पण समृद्धीच्या चर्चेंत जुने रस्ते विसरले जातात. अंबड तालुक्यांत वडीगोद्री-शहागडावरून जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग आणि जिल्ह्याचे आडमार्ग यांवर शाळेला जाणारीं मुलें, बैलगाड्या आणि दुचाक्या आजहि एकत्र चालतात. मे महिन्याच्या उन्हानें डांबर पाझरून खडीच्या वर येतें आणि काळा आरसा तयार होतो. मग मृगाच्या पहिल्या सरी येतात. महिनोन्महिने सांचलेली धूळ आणि तेल त्या पाण्यांत कालवलें जातें. शेतांतून वर चढणारे ट्रॅक्टर आपल्या चाकांबरोबर काळ्या मातीचा चिखल आणून टाकतात. त्या चिखलाखालीं बॉक्साइट घातलें काय आणि न घातलें काय, सारखेंच. तेथें शेताच्या तोंडाशीं वीसपंचवीस पावलें मुरूम-खडी दाबून दिली तर बहुतेक माती तेथेंच झडते, आणि हें काम ग्रामपंचायतीच्या आवांक्यांतलें आहे.

रस्त्यांचा असा देशव्यापी विचार प्रथम १९२७ सालीं नेमलेल्या समितीनें केला. तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर होते. तिच्या कामाचें फळ म्हणून इंजिनियरांची भारतीय रस्ते परिषद १९३४ मध्यें उभी राहिली. थांबण्याचें अंतर धरतांना परिषदेच्या नियमांत घर्षणांक ०.३५ ते ०.४० मानलेला आहे. ताशीं १०० किलोमीटरला त्यावरून १८० मीटर स्वच्छ दृष्टीचें अंतर निघतें. पुलाच्या चढावर किंवा वळणाच्या आड तें अंतर कागदावर बरोबर मोजलेलें असतें. परंतु हा हिशेब रस्ता ०.३५ ला टिकून आहे ह्या गृहीतावर उभा आहे. पांच वर्षांनीं दगड घासला, डांबर वर आलें, आणि आंकडा ०.२५ वर उतरला, तर नकाशांतले १८० मीटर पुरे पडत नाहींत. सुमारें २३० लागतात. नकाशा बदलत नाहीं आणि फलकहि बदलत नाहीं.

म्हणून मोजणी एकदां करून भागत नाहीं. जालन्यासारख्या जिल्ह्यांत ती पावसाळा सरल्यावर, आक्टोबरांत, व्हावी; म्हणजे दुरुस्तीला नोव्हेंबर ते मे असे कोरडे महिने हातीं राहतात. इपॉक्सी राळ ओल्या किंवा धुळकट पृष्ठभागावर धरत नाहीं. घाईनें जूनच्या तोंडावर घातलेला थर पहिल्याच पावसांत पापुद्र्यासारखा सुटतो आणि त्याखालीं पूर्वीचाच गुळगुळीत रस्ता निघतो.