गुळाचा बदलता ग्राहक आणि आपले गुऱ्हाळ

(गूळ उत्पादक शेतकऱ्यांच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित मजकूर)



कोल्हापूरच्या गुळाला बाजारपेठ नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली ती प्रामुख्याने गुळाच्या व्यापारासाठी. तेव्हापासून आपण गूळ करतो तो रव्यांचा. तो अडत्याकडे जातो, सौदा होतो आणि बराचसा माल गुजरातकडे रवाना होतो. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. इतके असूनही गावोगावची गुऱ्हाळे बंद पडत गेली. ऊस कारखान्याला घालणे सोपे, गुळव्या मिळत नाही, चुलवाणावर बसायला माणूस नाही, ही कारणे आपणा सर्वांना ठाऊक आहेत. ती आज उगाळीत बसत नाही.

आज बोलायचे आहे ते दुसऱ्या टोकाविषयी, म्हणजे गूळ खाणाऱ्याविषयी. तो बदलला आहे. शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबाने आरोग्याच्या काळजीपोटी साखरेचा डबा मागे सारला. गुळाच्या चहाची दुकाने चौकाचौकांत निघाली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले, तेव्हा नाचणीच्या लाडवाबरोबर गूळही पुन्हा मानाने ताटात आला. मात्र या ग्राहकाला दहा किलोचा रवा नको आहे. त्याला अर्ध्या किलोची पावडर हवी, चहाच्या कपात टाकता येईल अशी वडी हवी, आणि मुख्य म्हणजे गुळात रसायन नको आहे.

पिवळ्या रंगाचा प्रश्न

येथेच आपली खरी अडचण सुरू होते. वर्षानुवर्षे सौद्यात भाव मिळाला तो पिवळ्याधमक रंगाला. तो रंग आणण्यासाठी उकळत्या रसात हायड्रॉस टाकण्याची सवय लागली. गुळात गंधकाचे प्रमाण (सल्फर डाय-ऑक्साइडच्या स्वरूपात) दशलक्ष भागांत ७० भागांपेक्षा अधिक असू नये, असे बंधन आहे. अंदाजाने मूठभर भुकटी टाकणाऱ्याला आपण ही मर्यादा कधी ओलांडली हे कळतही नाही. दम्याच्या काही रुग्णांना या गंधकाचा त्रास होतो. शिवाय हायड्रॉसचा रंग टिकाऊ नसतो. साठवणीत तोच गूळ काळवंडतो. म्हणजे तो रंग सौद्याच्या दिवसापुरता असतो. साखर स्वस्त झाली की गुळात साखर मिसळणारेही आपल्यातच आहेत. त्यांच्यामुळे प्रामाणिक गुऱ्हाळवाल्याचा भाव पडतो, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

नवा ग्राहक तांबूस, तपकिरी गूळ आपण होऊन मागतो, हा आपल्या दृष्टीने मोठाच बदल आहे. परंतु तपकिरी गूळ म्हणजे शुद्ध गूळ असेही समजू नका. मळी नीट न काढलेला, करपलेला, खारवट पाण्यावरील उसाचा गूळही काळाच असतो. निष्काळजीपणे केलेला गूळ ‘सेंद्रिय’ म्हणून खपवता येईल, असा हिशेब कोणी करीत असेल तर तो एकाच हंगामाचा धंदा ठरेल.

चांगल्या रंगाची सुरुवात रानातच होते. को ८६०३२, कोसी ६७१, को ९२००५ यांसारख्या जातींचा गूळ चांगला उतरतो. मोठ्या बांधणीनंतर नत्र देऊ नये, कारण उशिरा दिलेल्या नत्राने रसाची प्रत बिघडते व गूळ मऊ राहतो. ऊस पूर्ण पक्व झाल्यावरच तोडावा. हात रिफ्रॅक्टोमीटर हे लहानसे उपकरण चार-पाच जणांत मिळून घेतले तरी चालते. शेंड्याकडील व बुडख्याकडील रसाचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला की ऊस तयार झाला असे समजावे. तोडलेला ऊस त्याच दिवशी गाळावा. शिळ्या उसातील साखरेचे विघटन होते, मग गूळ कितीही आटवला तरी घट्ट बसत नाही.

रस गाळून काहिलीत घेतल्यावर रानभेंडीच्या खोडांचा चिकट रस घालावा. तापमान वाढेल तशी मळी वर येते. रस खळखळून उकळण्याआधीच ती पूर्णपणे काढली पाहिजे. एकदा उकळी फुटली की मळी रसात मिसळून जाते. चुन्याची निवळी बेताने वापरावी. सामू ६.० ते ६.२ च्या आसपास राहिला की कणी चांगली पडते, चुना अधिक झाला की रंग काळपट होतो. फेस आवरण्यास थोडे शेंगदाण्याचे तेल पुरे. यात बाजारातून आणायची एकही भुकटी नाही.

गुळव्याची नजर आणि तापमापक

आपल्याकडे गुळव्या पाक थंड पाण्यात टाकून गोळी पाहतो व काहील उतरवायला सांगतो. त्याच्या कसबाविषयी मला आदर आहे. पण कसबी गुळव्ये म्हातारे झाले, त्यांची मुले या कामात येत नाहीत, आणि आता तर एकाच काहिलीतून तीन प्रकारचा माल काढायचा आहे. काकवी १०५ ते १०६ अंश सेल्सिअसला उतरवावी लागते, घट्ट गुळासाठी ११६ ते ११८ अंश, तर पावडरीसाठी १२० ते १२२ अंशांपर्यंत जावे लागते. दोन-चार अंशांच्या फरकाने पदार्थच बदलतो. तेथे लांब दांड्याचा तापमापक गुळव्याच्या हाती दिला पाहिजे. काही गुळव्यांना आधी हा अपमान वाटतो. दहा-बारा आदणे झाली की गोळी आणि आकडा यांचा मेळ त्यांचा तेच घालतात.

पावडर करताना पाक वाफ्यात ओतल्यावर थंड होताना लाकडी खुरपणीने सतत घोटावा, म्हणजे कणी मोकळी होते. ती तीन मिलिमीटरच्या चाळणीतून काढून ओलावा एक ते दोन टक्क्यांवर येईपर्यंत वाळवावी. वाळवणीत घाई केली तर पिशवीत पंधरा दिवसांत गड्डा होतो. काकवीत दर किलोस ४०० मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल घातल्यास तळाशी खडे धरत नाहीत. गुळाच्या चहावाल्यांना द्यायच्या मालाबद्दल एक सूचना. आंबूस गुळाने दूध फाटते आणि असा ग्राहक परत येत नाही. त्यांना ताजा, नीट निवळलेला गूळच द्या.

काय सांगून विकावे?

आता थोडे नाजूक बोलतो. अनेक पिशव्यांवर ‘मधुमेहींसाठी उत्तम’, ‘रक्तवाढीचे औषध’ असा मजकूर छापलेला दिसतो. गुळात बहुतांश साखरच असते. मधुमेह असणाऱ्याची रक्तशर्करा साखरेने वाढते तशी गुळानेही वाढते. लोहाचे म्हणाल तर १०० ग्रॅम गुळात ते सुमारे ५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅमच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे. पंडुरोग असलेल्या भगिनीने गुळाच्या खड्यावर विसंबून दवाखाना टाळला तर नुकसान तिचे होते, आणि त्या पिशवीवर नाव आपले असते. अन्नपदार्थांवरील दाव्यांसंबंधी २०१८ चे नियमही आहेत. चव, ताजेपणा, गाव, उसाची जात, गाळपाची तारीख आणि ‘हायड्रॉस वापरलेले नाही’ ही विधाने खरी आहेत आणि पुरेशी आहेत. प्रयोगशाळेतील गंधकाच्या तपासणीचा अहवाल जवळ ठेवावा. ग्राहक हल्ली पिशवीवरील चौकोनी ठसा मोबाईलने वाचतो. त्यामागे हा अहवाल ठेवता आला तर जाहिरातीची गरज राहत नाही.

मोबाईलवरून विक्रीचे उत्साही अनुभव तुम्ही ऐकले असतील. मुंबई-पुण्यात कुरिअरने माल जातो, पैसे लगेच खात्यात जमा होतात, हे खरेच आहे. पण गणित करून पाहा. एक टन उसापासून साधारण ११० किलो गूळ मिळतो असे धरू. दिवसाला दोन टन गाळप केले तर २२० किलो, म्हणजे अर्ध्या किलोच्या ४४० पिशव्या. त्या आज भरायच्या, चिकटवायच्या, पत्ते लिहायचे; आणि उद्या पुन्हा ४४०. घरातली किती माणसे याला देणार? ग्राहकाकडील किरकोळ भाव आणि सौद्याचा भाव यांतील फरक डोळ्यांत भरतो, मात्र त्यातून पिशवी, कुरिअर, फुटतूट आणि घरच्या बायकांची मजुरी वजा करावी. ती मजुरी वहीत कोणी लिहीत नाही, म्हणून नफा मोठा दिसतो. मोठ्या कंपन्यांच्या विक्री मंचांवर माल ठेवायचा तर त्यांचे कमिशनही त्यातच धरावे.

म्हणून माझे मत असे की, पहिल्या हंगामात दर आठवड्याला एखादे आदणच पावडर व वडीसाठी राखावे, बाकी रवे नेहमीप्रमाणे सौद्याला न्यावेत. कायमची गिऱ्हाइके वाढतील तसे प्रमाण वाढवावे. २०२० मध्ये केंद्र शासनाने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना सुरू केली. तिच्यात कोल्हापूर जिल्ह्यासाठी गूळ हेच उत्पादन निवडले गेले आणि पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदान ठेवले गेले. अनुदान मिळते म्हणून यंत्र घ्यायचे, हा क्रम मात्र उलटा आहे. स्टेनलेस स्टीलची काहील, वड्यांचे साचे, चाळणी आणि वाळवणीची बंदिस्त खोली एवढ्यावर सुरुवात होते. पाच-सहा गुऱ्हाळांनी मिळून वाळवणी व पॅकिंगची सोय एकत्र केली तर सर्वांनाच परवडेल.

शेवटी पावसाळ्याचा मुद्दा. हंगामात केलेली पावडर जून ते सप्टेंबर विकायची असेल तर ती हवाबंद, ओलावा न शिरणाऱ्या पिशवीत मे अखेर भरून झाली पाहिजे. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. आर्द्र हवेच्या दिवसांत एकदा उघडलेले पोते त्याच दिवशी संपवावे. ज्यांना सामू व ब्रिक्स मोजण्याचा सराव करायचा आहे, त्यांनी येताना सकाळी काढलेला ताजा रस बाटलीत घेऊन यावे. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्राकडेही याविषयी मार्गदर्शन मिळते.