रात्रपाळीच्या सिस्टर
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त आम्ही चार शब्द बोलावे अशी चालकांची आज्ञा झाली. जुन्या आठवणी सांगाव्यात, असा त्यांचा हेतू असावा. आठवण सांगणार आहोत. पण ती संस्थेच्या गौरवाची नसून आमच्या एका चुकीची आहे, आणि ती चूक ध्यानात आली ती एका परिचारिकेमुळे.

2022 सालच्या पावसाळ्यात आम्ही अंगणातल्या शेवाळावरून घसरलो आणि खुब्याचे हाड मोडले. येथे बडोद्यासच एका इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली, डॉक्टरांचे बिलही तसेच भरघोस होते. त्याविषयी अधिक बोलत नाही. हल्ली अशा रोग्यास दुसऱ्याच दिवशी उभे करतात. आमच्या मात्र छातीत कफ साठला, ताप भरला, आणि आम्ही अंथरुणास खिळलो.

म्हातारे शरीर एकाच अंगावर पडून राहिले की हाडावरची कातडी दबते, तेथील रक्ताचा पुरवठा थांबतो आणि जखम होते. माकडहाड आणि टाचा येथे ती हटकून होते, आणि एकदा झाली की महिनोन्‌महिने भरत नाही. तिला टाळण्याचा उपाय म्हणजे दर दोन तासांच्या सुमारास रोग्याची कूस बदलणे. ऐकावयास सोपे आहे. परंतु रात्री बारा वाजता, दोन वाजता, पुन्हा चार वाजता, आणि तेही वॉर्डात तीस खाटा व दोनच सिस्टर असताना! आमच्या सिस्टर केरळच्या. गुजराती त्या इकडे येऊन शिकल्या होत्या. आम्हांस 'दादा' म्हणत, म्हणजे गुजरातीतले आजोबा. मराठी त्यांना एकच शब्द आला, तो आमच्याकडून. 'दादा, कूस,' म्हणून त्या हाक देत, दोन्ही पायांमध्ये उशी ठेवीत, आणि दुखरा पाय जराही आडवा जाऊ न देता आम्हांस वळवीत.

एका रात्री आमच्याने आवरले नाही. बिछाना खराब झाला. सत्तरी उलटलेल्या, चार माणसांत मान असलेल्या गृहस्थास त्या वेळी काय वाटते, ते ज्याच्यावर प्रसंग आला तोच जाणे. आम्ही तोंड भिंतीकडे केले. सिस्टरांनी पडदा ओढला, कोमट पाणी आणले, आणि सारे स्वच्छ होईपर्यंत आपल्या गावच्या पावसाविषयी बोलत राहिल्या. चादर बदलून झाल्यावर म्हणाल्या, 'दादा, घरी सांगण्यासारखे आज काही झालेले नाही.' त्यांनी कोणासही सांगितले नाही. आज आम्हीच सांगत आहोत.

त्या रात्री झोप लागली नाही. 1998 साली आम्ही ह्याच संस्थेच्या शिष्यवृत्ती समितीवर होतो. आपल्याच समाजातील एका मुलीचा नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज आला होता. गुण चांगले होते, घरची गरज उघड होती. 'आपल्या मुलींनी का परक्यांचे मलमूत्र काढायचे?' असे आम्ही बैठकीत म्हणालो, आणि अर्जावर शेरा मारला: अन्य अभ्यासक्रम निवडल्यास विचार करू. तिने पुन्हा अर्ज केला नाही.

आणि आम्ही कोण? दर वर्षी ह्याच सभागृहात सावित्रीबाई फुल्यांच्या तसबिरीस हार घालणारे. प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या, हे आम्ही भाषणात सांगत असू. पुढे रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातर्फे स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकावयास पाठविले, तेव्हा लोकांनी नावे ठेवली. त्या लोकांत आम्ही नव्हतो, कारण आमचा जन्म व्हावयाचा होता; एवढाच काय तो फरक.

घरी निघताना सिस्टरांपुढे पाकीट धरले. त्यांनी ते घेतले नाही. उलट आमच्या सौभाग्यवतींना जवळ बोलावून कूस कशी बदलावी, टाचा कशा पाहाव्यात, लाली दिसली तर काय करावे, हे अर्धा तास शिकविले. त्या वेळी त्यांची पाळी संपून गेली होती.

ते पाकीट तसेच राहिले होते. त्यात आमच्या ठेवीतील रक्कम घालून आम्ही विश्वस्तांच्या स्वाधीन केली आहे. जनरल नर्सिंगला तीन वर्षे लागतात, बी.एस्सी. नर्सिंगला चार. दर वर्षी एका मुलीची किंवा मुलाची फी आणि वसतिगृहाचा खर्च अभ्यासक्रम पुरा होईपर्यंत त्यातून भागावा, अशी अट घातली आहे. 'मुलाची' हा शब्द सौभाग्यवतींच्या आग्रहाने घातला. तीन आठवडे आमची कूस त्यांनीच बदलली होती, आणि घरातील तरण्याताठ्या मुलांपैकी एकालाही ते जमले नव्हते.

सिस्टरांना आजचे निमंत्रण दिले होते. रात्रपाळी असल्याने येता येत नाही, असा निरोप आला आहे. अर्जाचे नमुने दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांच्या घरी बारावी झालेले मूल आहे, त्यांनी जाताना एक घेऊन जावा.