मशीन थांबवणारा माणूस



आपल्या मंडळात कुठेही खडा टाकला तरी तो सॉफ्टवेअरवाल्यालाच लागतो, आणि त्यातले कितीतरी जण मूळचे मेकॅनिकलचे निघतात! मीही त्यातलाच एक. आजचा निधी आयटीआयच्या मुलामुलींच्या फीसाठी आहे. म्हणून कार्यकारिणीने मला सांगितलं, "तू शॉपवर काम केलं आहेस, त्याबद्दल बोल."

इंजिनिअर झाल्यावर, अमेरिकेत येण्याआधी, मी दोन वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात प्रेस शॉपचा सुपरवायझर होतो. ज्यांनी प्रेस शॉप पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाली डाय असते, तिच्यावर पत्रा ठेवायचा. वरून पंच येतो, धाडकन आवाज होतो आणि गाडीचं एक ब्रॅकेट तयार! दिवसभर हेच. शंभर टनी प्रेसला पत्रा कोणता आणि बोट कोणतं, हे कळत नाही. ते कळावं म्हणून माणूस ठेवलेला असतो. त्याचं नाव सुपरवायझर.

या माणसाची अवस्था मृदंगासारखी, दोन्ही बाजूंनी थाप! वरून मॅनेजर विचारतो, "किती नग झाले?" खालून ऑपरेटर विचारतो, "साहेब, पत्रा कुठाय?" सकाळी सातला पहिली शिफ्ट सुरू झाली की आधी कोण आलं, कोण नाही ते बघायचं, मग माणसं मशीनवर लावायची. डाय नीट आवळली आहे का, गार्ड जागेवर आहे का, पहिला नग मापात आहे का, हे सगळं झाल्यावरच उत्पादन सुरू. कॉलेजात आम्ही थर्मोडायनॅमिक्स शिकलो होतो. पंचवीस वर्षं प्रेस चालवलेल्या माणसाला काम कसं सांगायचं, हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

ते शिकवलं आमच्या डाय सेटरने. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी होती. आधीच्या नोकरीत गेलेली. नवीन पोरगा आला की मामा त्याला पहिल्या दिवशी मशीनला हात लावू देत नसत. आधी हातात चिमटा द्यायचे आणि म्हणायचे, "अडकलेला तुकडा यानंच काढायचा. नग उद्या पण पडतील, बोट परत फुटत नाही."

आता मुद्द्याकडे येतो. प्रेसला दोन बटणं असतात आणि ती दोन्ही हातांनी एकदमच दाबावी लागतात. म्हणजे पंच खाली येताना दोन्ही हात बाहेरच राहतात. एकदा दुसऱ्या शिफ्टला मी पाहिलं, तर एका कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलाने एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं होतं. एका हाताने पत्रा ठेवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं. मी मशीन बंद केलं. मॅनेजरचा फोन आला, "माल रात्री निघायचाय, मशीन का उभं आहे?" मी म्हटलं, "बटण दुरुस्त झाल्यावर चालू करतो." पुढची दोन मिनिटं मी जे ऐकलं ते या पुस्तिकेत छापता येणार नाही!

पण मंडळी, त्या मुलाला नुसतं रागावून काय झालं असतं? त्याला शिफ्टमध्ये तीन हजार नगांचं टार्गेट होतं. चिकटपट्टीमुळे नगामागे सव्वा सेकंद वाचत होता. हिशोब करा, तीन हजारांना एक तासाहून जास्त! तो बेफिकीर नव्हता, त्याचं गणित चांगलं होतं. मग मी आणि मामा बाजूला उभं राहून त्याचं काम बघत बसलो. पत्र्याची ट्रे जमिनीवर होती, प्रत्येक वेळी त्याला वाकावं लागत होतं. भंगारातल्या अँगलचं एक स्टँड वेल्डिंग करून घेतलं आणि ट्रे कमरेच्या उंचीवर आणली. गेलेला बराचसा वेळ तिथेच परत मिळाला. दोन्ही बटणं चालू राहिली, आणि त्याची दहाही बोटं.

गार्ड ही काही मालकाची मेहेरबानी नव्हती. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमात यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण सक्तीचं होतं. पण कायदा रात्री आठ वाजता मशीनपाशी उभा नसतो. तिथे सुपरवायझर असतो.

इथे आल्यावर मला कळलं की हे शास्त्र या देशाने फार पूर्वी मांडलं होतं. १९४० ते १९४५ या युद्धकाळात अमेरिकन सरकारने कारखान्यांतल्या सुपरवायझरांसाठी मोठा प्रशिक्षण कार्यक्रम चालवला. त्यात मुख्य तीन गोष्टी होत्या: काम शिकवायचं कसं, कामाची पद्धत सुधारायची कशी आणि माणसांशी वागायचं कसं. युद्धानंतर तो जपानला गेला आणि तिथल्या कारखान्यांनी तो मनापासून उचलला. टोयोटाच्या घराण्यात तर त्याआधीच, १९२४ साली, साकिची टोयोडांनी धागा तुटला की आपोआप थांबणारा स्वयंचलित माग बनवला होता. चूक दिसली की थांबा, हे तत्त्व पुढे मोटारीच्या कारखान्यात आलं आणि साध्या कामगारालाही लाईन थांबवायचा अधिकार मिळाला. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्या कानबान बोर्डाचा एवढा तोरा मिरवतो, तोही टोयोटाच्या शॉपवरूनच आलेला!

म्हणून आजच्या देणगीबद्दल एक विनंती. आपण फिटर, टर्नर, मशिनिस्ट होणाऱ्या मुलामुलींची फी भरणार आहोत, ते चांगलंच आहे. त्यात थोडी भर घालून प्रत्येकाला सेफ्टी शूज आणि गॉगल देऊ या. आणि आपल्यापैकी जे शॉपवर राहिलेले आहेत त्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर जवळच्या आयटीआयमध्ये एक तास द्यावा. यातलीच काही मुलं उद्या सुपरवायझर होतील. "नग किती?" हा प्रश्न त्यांना रोज कोणीतरी विचारणारच आहे. मशीन कधी थांबवायचं, हे त्यांना आपण सांगू या.

फॉर्म बाहेरच्या टेबलावर आहेत. सढळ हाताने लिहा.