आमदाराचा हिशेब कसा मांडायचा?
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर मेळाव्यात आपण भाव, कर्ज आणि वीज यांवर बोलतो. आज आम्ही आमदारावर बोलणार आहोत. तो कोणत्या पक्षाचा असावा यावर नाही. पाच वर्षे झाली की त्याचा हिशेब कसा मांडायचा, यावर.

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा पिकाचा हिशेब मांडायला शिकवला गेला. बियाणे किती, मजुरी किती, एकरी उतारा किती, हाती काय राहिले. आमदाराचा हिशेब मात्र कुणी शिकवला नाही. म्हणून आपण काय मोजतो? तो लग्नाला आला का, मयतीला आला का, देवळाला सभामंडप दिला का. यात त्या माणसाचा दोष कमी आणि आपल्या मोजपट्टीचा जास्त. आपण मागतो सभामंडप, तर मिळणार सभामंडपच.

दुसरी मोजपट्टी आपल्याच जिल्ह्यात आहे, तिचे नाव सांगोला. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख, लोकांचे आबासाहेब, या एकाच मतदारसंघातून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. मूळ गाव मोहोळ तालुक्यातले पेनूर. शिक्षणाने वकील. पहिली निवडणूक जिंकली १९६२ साली, शेवटची २०१४ साली. ३० जुलै २०२१ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी सोलापुरात त्यांचे निधन झाले.

त्यांचे नाव निघाले की लोक एसटीची गोष्ट सांगतात. आमदार असून एसटीने फिरायचे, साधे राहायचे. गोष्ट खरी आणि चांगलीही आहे. पण भावांनो, आमदार एसटीत बसला म्हणून आपल्या विहिरीला पाणी येत नाही. साधेपणाचा फायदा वेगळाच आहे. ज्याला निवडणुकीचा खर्च काढायचा नसतो, त्याला ठेकेदाराच्या ओझ्याखाली राहावे लागत नाही. त्याला सरकारला प्रश्न विचारता येतो. एसटीच्या गोष्टीचा अर्थ एवढाच घ्यायचा आणि पुढे कामाकडे बघायचे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हा माणूस दोन वेळा पडलाही. १९७२ साली हरला आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आला. १९९५ साली हरला, तोही १९२ मतांनी, आणि १९९९ साली परत आला. पडला म्हणून पक्ष बदलला नाही, तालुका सोडला नाही. सांगोल्याच्या मतदारानेही दोनदा त्यांना घरी बसवून दाखवले. ज्याला आपण पाडू शकतो तोच आपला आमदार. ज्याला पाडता येत नाही तो वतनदार.

आता सत्तेचे बघू. ‘आमदार सत्तेत नसला तर काम होत नाही,’ हे वाक्य आपल्याला गावोगाव ऐकवले जाते. गणपतरावांची पन्नासवर वर्षांची कारकीर्द घ्या. मंत्रिपद मिळाले दोनदाच, १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि १९९९ च्या आघाडी सरकारात. ती थोडी वर्षे सोडली तर बहुतेक काळ ते विरोधी बाकावरच बसले. मग कामे झाली कशाने? तारांकित प्रश्नाने, लक्षवेधीने, अर्थसंकल्पावरच्या भाषणाने आणि अधिवेशनात पूर्ण वेळ बसण्याने. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला मंत्र्याला उत्तर द्यावे लागते, ते छापले जाते, आणि पुढच्या वर्षी तोच कागद त्याच्यापुढे धरता येतो. हे आमदाराचे औजार आहे. ज्या गड्याने वर्षभर कुळव हातात धरला नाही त्याला आपण पुढच्या सालाला ठेवतो का?

कामांतले पहिले काम पाण्याचे. सांगोला हा माण नदीच्या काठचा तालुका, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. पिढ्यान् पिढ्या इथल्या माणसाने दुष्काळी कामावर खडी फोडली. कृष्णेचे पाणी मात्र सातारा-सांगलीतून खाली वाहून जात होते. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, महाराष्ट्राला ५६० टीएमसी पाणी ठरवून दिले होते आणि त्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकणार होता. तोवर आपण धरणे आणि उपसा योजना उभ्या केल्या नाहीत, तर आपल्या वाट्याचे काय होईल, ही धास्ती होती.

अशा वेळी १९९३ साली क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी आटपाडीला पाणी परिषद भरवली. सांगली, सातारा, सोलापूरच्या दुष्काळी तालुक्यांतला शेतकरी तिथे जमू लागला. गणपतराव त्या लढ्यातले आघाडीचे नेते. बाहेर परिषद आणि आत विधानसभा, असे दोन बैल एका जुवाला जोडले गेले. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि कऱ्हाडजवळच्या टेंभू गावातून कृष्णेचे पाणी उचलण्याची योजना मार्गी लागली. मूळ आराखडा २२ टीएमसी पाण्याचा आणि ८०,४७२ हेक्टर भिजवण्याचा. त्यात सांगोला शेवटच्या टोकाला.

शेवटच्या टोकाला असणे म्हणजे काय, हे ज्याच्या शेताला पोटचारीचे टोक आहे त्यालाच कळते. वरचा पोटभर पितो आणि खालचा वाट बघतो. १९९३ ची परिषद आणि माणेच्या पात्रात आलेले टेंभूचे पाणी, यांत दोन दशकांहून जास्त काळ गेला. खडी फोडणारी एक पिढी तेवढ्यात म्हातारी झाली. म्हणून कुणी सांगितले की ‘एका आमदाराने पाणी आणले,’ तर त्याला सांगा, आणले हजारो लोकांनी. आमदाराने काय केले? सरकारे बदलत गेली तरी त्याने विषय मरू दिला नाही. हे काम छोटे नाही.

दुसरे काम सूतगिरणीचे. आपण कापूसवाले, म्हणून हे नीट ऐका. सांगोला काही कापसाचे आगर नाही. तरीही सांगोला तालुका शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि चालली. त्याच काळात राज्यातल्या कितीतरी सहकारी गिरण्यांना टाळी लागली. भांडवल सरकारचे, कर्ज बँकेचे, आणि गिरणी संचालकाच्या पाहुण्यारावळ्यांची, अशी त्यांची गत झाली. कापसाच्या मुलखातली गिरणी बुडते आणि कापूस नसलेल्या तालुक्यातली चालते, याचा अर्थ काय? गिरणी बुडते ती कापसावाचून नव्हे, हिशेबावाचून. कापूस केव्हा घ्यायचा, सूत केव्हा विकायचे, नोकर किती ठेवायचे, या तीन गोष्टींत राजकारण शिरू दिले नाही की गिरणी चालते. सांगोल्यात नंतर महिला सभासदांची वेगळी सूतगिरणीही उभी राहिली.

तिसरे काम फळबागेचे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. १९९० साली त्याला फळबाग लागवड जोडली गेली. आपल्याच रानात खड्डे खणायचे, रोप लावायचे आणि त्याची मजुरी हमीतून मिळायची. खडी फोडून रस्ता होतो, पण खड्डा खणून बाग होते, हे सांगोल्याने लवकर ओळखले. मुरमाड, हलक्या रानात आधी बोर आणि मग डाळिंब उभे राहिले. ठिबक आले, शेततळी आली. अजनाळेसारख्या गावाचे नाव डाळिंबासाठी राज्यभर झाले. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. ज्या तालुक्यातून माणसे जगायला बाहेर जात होती, तिथून गाडी भरून माल बाहेर गेला.

पण आम्ही शेतकी शिकलेली माणसे. जमेबरोबर खर्चाचीही बाजू मांडली पाहिजे. डाळिंबावर तेल्या आला. सोलापुरात २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र झाले, तरी तेल्या मुळापासून गेला नाही. पुढे मर आणि खोडाला भोके पाडणाऱ्या किडीने उभ्या बागा काढायला लावल्या. एका पिकावर तालुका उभा करण्याचा धोका तिथे दिसला. आणि ज्याच्याकडे शेततळ्याला, ठिबकाला पैसा नव्हता, तो ज्वारीवरच राहिला.

त्या ज्वारीवाल्याच्या वाट्याला काय आले? मालदांडी ३५-१ ही निवड मोहोळच्या संशोधन केंद्रावरची, गणपतरावांच्याच मूळ तालुक्यातली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. वाण आहे, नाव आहे, भाकरीची चव आहे. पण डाळिंबाला जशी योजना, शेततळे आणि गाडी मिळाली तसे ज्वारीच्या मागे काही उभे राहिले नाही. कापसाला निदान गिरणी तरी होती. अकरा वेळा निवडून आलेल्या चांगल्या आमदारालाही जे एकट्याने जमले नाही, ते आपण संघटित होऊन मागितले पाहिजे. कारण आटपाडीसारखी परिषद ज्वारीसाठी आपण कधी भरवलीच नाही.

आता मोजपट्टी सांगतो. येत्या निवडणुकीत जो कुणी दारात येईल, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो, त्याला चार प्रश्न विचारा.

एक, गेल्या पाच वर्षांत कोरडवाहू शेतीवर सभागृहात किती प्रश्न विचारले? छापील उत्तरे दाखवा.

दोन, तुमच्या ताब्यातल्या संस्थेचा ताळेबंद सभासदाला मिळतो का? तोटा असेल तर तो कुणी केला?

तीन, उपसा योजनेचे पाणी टोकाच्या गावाला कोणत्या महिन्यात मिळणार? विजेच्या बिलातला शेतकऱ्याचा वाटा पाणी मिळण्याआधी मागणार की नंतर?

चार, ज्वारी आणि कापूस हमीभावाखाली विकला जाईल त्या दिवशी तुम्ही कुठे असाल? आमच्याबरोबर बाजार समितीच्या दारात, की मुंबईत?

उत्तर आले तर वहीत लिहून ठेवा, तारीख घालून. नाही आले तर तेही लिहा. प्रत्येक गावात अशी एक वही असू द्या आणि पुढच्या जिल्हा मेळाव्याला ती बरोबर आणा. पिकाचा हिशेब आपण सुगीला मांडतो. आमदाराचा हिशेब पेरणीपासूनच मांडायला घेऊ.